मे महिन्यातली लॉनवरची लग्नं आता बंद करावीत का?

सिंहगडरोडकर
माझं मत स्पष्ट आहे: पुण्यात मे महिन्यात संध्याकाळचं कार्य उघड्या लॉनवर ठेवू नये. जमीन दुपारभर तापते, समुद्रावरून बाष्प आलेलं असतं, चारनंतर आभाळ भरून येतं आणि नेमका पाहुणे यायच्या वेळेला वारा सुटतो. २०२५ साली तर मे महिना पावसातच गेला. एरवी १० जूनच्या आसपास येणारा मॉन्सून २६ मेलाच पुण्यात हजर! नात्यातल्या एका स्वागत समारंभात स्टेजची कमान डुलायला लागली, म्हाताऱ्या माणसांना खुर्चीसकट उचलून पार्किंगच्या शेडमध्ये न्यावं लागलं. जेवण वाया गेलं त्याचं एवढं नाही. ओल्या गवतावर जनरेटरच्या वायरी पसरलेल्या होत्या आणि पोरं त्यातूनच पळत होती. हॉल घ्या, माणसं कमी बोलवा.

मुलीचीआई
हॉल घ्या म्हणणं सोपं आहे हो. मेमधल्या मुहूर्ताला चांगले हॉल कधीच भरलेले असतात, आणि मिळाला तर भाडं ऐकून घाम फुटतो. आमचे निम्मे पाहुणे गावाकडचे. शेतातली कामं उरकलेली, पोरांच्या शाळांना सुट्टी, म्हणून त्यांना मेच सोयीचा. ‘माणसं कमी’ म्हणजे कोणाला गाळू? चुलत दिराला?

एरंडवणे
वळीव काय आज यायला लागला? आमच्या लहानपणीही मेमध्ये गारा वेचायचो आणि लग्नंही व्हायची. हवामान खातं इथे शिवाजीनगरलाच आहे, अंदाज बघून ठरवा की.

सिंहगडरोडकर
@एरंडवणे, अंदाज मी रोज बघतो. पण इशारा येतो जिल्ह्याचा. लोणावळ्यापासून इंदापूरपर्यंत एकच पिवळा रंग. वळीव औंधात धो धो कोसळतो तेव्हा हडपसरचा रस्ता कोरडा असतो. पुढच्या तीन तासांचा इशारा त्यातल्या त्यात उपयोगी, पण तो येईपर्यंत आचाऱ्याने भात टाकलेला असतो. लग्नाची तारीख धरायची सहा महिने आधी, त्यासाठी कुठला अंदाज बघू?

मांडववाले_हडपसर
धंदा वडिलांपासूनचा आहे म्हणून बोलतो. लॉनला दोष देऊ नका. हल्ली फोटोसाठी उंच कमान लागते, मागे अख्खा फ्लेक्स, तिन्ही बाजू बंद. वाऱ्याला जायला वाट नाही, मग तो सगळा सांगाडाच उचलतो. आम्ही वारा सुटला की आधी बाजूच्या कनातींचे दोर सोडतो. कापड फाटलं तर फाटू दे, खांब उभा राहिला पाहिजे. पण यजमान आडवे येतात, ‘थांबा, फोटो चाललेत’. आणि पाऊस आला की लोक पळतात ते त्याच कमानीखाली. एप्रिल २०२३ मध्ये किवळ्याला होर्डिंग पडून पाच माणसं गेली, तीही वादळी पावसात आडोशाला थांबलेली होती. ठेवा लॉनवर, पण मांडव बुटका ठेवा, बाजू मोकळ्या ठेवा, आणि वायरी जमिनीवरून नको, वरून न्या.

एरंडवणे
हे पटलं. नाहीतर सकाळी उरकून घ्या, पाऊस सहसा दुपारनंतरच येतो.

वाढपी_होतो
सकाळचं लग्न म्हणजे पंगती बारा ते तीन. एप्रिल २०१९ मध्ये पुण्यात पारा ४३ अंशांवर गेला होता, तशा दिवशी भट्टीपुढे पुऱ्या तळणाऱ्या माणसाचा विचार कोण करतं? पाहुण्यांना कूलर आणि पन्हं, मागे आचाऱ्यांच्या डोक्यावर पत्रा. कॉलेजात असताना वाढपी म्हणून जायचो, पत्र्याखाली एक बाई भांडी घासता घासता खाली बसली ती उठेचना. तिला सावलीत नेऊन पाणी आम्ही पोरांनीच पाजलं. यजमानांकडून कोणी फिरकलं नाही. पावसाची भीती सगळ्यांना वाटते, कारण तो पाहुण्यांवर पडतो.

सिंहगडरोडकर
म्हणूनच हॉल म्हणतोय.

वाढपी_होतो
हॉलमध्ये एसी पाहुण्यांना असतो. भटारखाना मागच्या बोळातच.

मुलीचीआई
मुहूर्त सकाळी साडेनऊचा निघतोय, तो धरते. पहिली पंगत अकराला बसवू, तळणाचे पदार्थ मेनूतून काढते, आचाऱ्यांकडेही दोन कूलर सांगते. उंच कमान नको म्हणून मुलीशी भांडण होईल, ते मी बघून घेईन. पण चुलत दीर येणार आणि लग्न लॉनवरच होणार. मांडववाले, चारशे माणसांना किती बुटका मांडव चालेल?

मांडववाले_हडपसर
ताई, जागा बघितल्याशिवाय सांगणार नाही. झाडं कुठे आहेत आणि वारा कुठून येतो ते आधी बघायला लागेल.