मदत हवी आहे: ग्रंथालयाची आकडेवारी निर्णयांपर्यंत कशी न्यावी?

नमस्कार. मी नाशिकमधील एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. महाविद्यालयीन ग्रंथालयांत काम करणाऱ्या जाणकारांकडून एका प्रश्नावर मार्गदर्शन हवे आहे.

आमच्याकडे आकडेवारीची वाण नाही. प्रवेशद्वारावरील नोंदवहीतील सह्या, देवघेवीचे दैनंदिन आकडे, एन-लिस्ट या ई-पुस्तके व ई-नियतकालिकांच्या सेवेवरील लॉगिन, ग्रंथखरेदीचा खर्च हे सारे आम्ही नॅक या मूल्यांकन संस्थेच्या चौथ्या (पायाभूत सुविधा व अध्ययन साधने) निकषासाठी आणि तिला दरवर्षी पाठवायच्या एक्यूएआर या गुणवत्ता अहवालासाठी जमवतो, फाइलला लावतो आणि महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाकडे (आयक्यूएसी) सुपूर्द करतो. मात्र त्या आकड्यांच्या आधारे ग्रंथालयाची वेळ बदलली, एखाद्या पुस्तकाच्या प्रती वाढवल्या किंवा कोणी वाचत नसलेले नियतकालिक बंद केले, असे सहसा घडत नाही. खरेदीची यादी विभागांच्या शिफारशींवरून ठरते आणि वेळापत्रक पूर्वापार चालत आले आहे तेच राहते.

शिवाय हे आकडे ग्रंथालय किती वापरले गेले एवढेच सांगतात. आलेल्या वाचकाला हवे ते मिळाले का, हे सांगत नाहीत. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे, आणि नेमके त्याचेच मोजमाप आमच्या कोणत्याही तक्त्यात नाही.

यावर एक उपाय सुरू केला आहे. आमचा मुख्य ग्रंथसंग्रह मुक्तद्वार नसल्याने विद्यार्थी मागणी चिठ्ठी देतात आणि परिचर कपाटातून पुस्तक आणून देतात. जे पुस्तक मिळत नाही त्याच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने ‘नाही’ असे लिहिले जाते आणि पूर्वी संध्याकाळी ती केराच्या टोपलीत जात असे. या चिठ्ठ्या आता मी जपून ठेवतो आणि त्यांचे तीन गठ्ठे करतो: पुस्तक संग्रहातच नाही, सर्व प्रती वाचकांकडे आहेत, किंवा कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत पुस्तक उपलब्ध दिसते, पण जागेवर सापडत नाही. पहिल्या गठ्ठ्यावरून खरेदी ठरवता येईल, दुसऱ्यावरून प्रतींची संख्या किंवा देवघेवीची मुदत. तिसरा गठ्ठा मात्र कपाटांची मांडणी आणि साठापडताळणी यांच्याकडे बोट दाखवतो, आणि माझी खरी अडचण तिथेच आहे. परिचरांना वाटते की ही मोजणी त्यांच्या विरोधात पुरावा म्हणून चालली आहे. ते वर्षानुवर्षे निष्ठेने काम करत आहेत, रिक्त पदांमुळे दोघांचे काम एकाने करावे लागते, आणि त्यांचा धसका मला समजतो. त्यांच्या मनाविरुद्ध केलेली मोजणी टिकणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

अभिप्राय फॉर्मचा मार्गही पुरेसा वाटत नाही. काउंटरवर आमच्यासमोर भरलेल्या फॉर्मवर विद्यार्थी सरसकट ‘उत्कृष्ट’वर खूण करतात. लिबक्वाल या ग्रंथालय सेवेचा दर्जा मोजणाऱ्या प्रश्नावलीत प्रत्येक सेवेबाबत किमान अपेक्षा, इष्ट पातळी आणि प्रत्यक्ष अनुभव असे तीन वेगवेगळे गुण मागतात, ही कल्पना मला फार उपयुक्त वाटते. पण सुरगाणा, पेठ भागातून आलेल्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला ती सोप्या मराठीत कशी विचारावी, हे सुचत नाही. दिंडोरी, निफाडहून एसटीने ये-जा करणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे: त्यांची परतीची गाडी आणि आमची देवघेवीची वेळ यांचा मेळ बसतो का, हे नोंदवहीतून कळणारच नाही, कारण जो येऊच शकला नाही त्याची सही तिथे नसते.

म्हणून विचारतो. परिचरांना अशा मोजणीत सहभागी करून घेण्याचा अनुभव कोणाला आहे का, आणि सुरुवात त्यांनीच सुचवलेल्या प्रश्नापासून केली तर फरक पडतो का? न येणाऱ्या विद्यार्थ्यांचे म्हणणे कोणत्या मार्गाने मिळवावे? चिठ्ठीवर नाव आणि हजेरी क्रमांक असतो. तेवढा भाग फाडून उरलेली चिठ्ठी ठेवणे वाचकाच्या गोपनीयतेच्या दृष्टीने पुरेसे आहे का? ग्रंथालय समितीपुढे असे निष्कर्ष मांडून ज्यांनी एखादा ठराव प्रत्यक्ष मंजूर करून घेतला असेल, त्यांनी तो कसा मांडला हे कृपया सविस्तर लिहावे. वापरलेला तक्ता किंवा मराठी प्रश्नावली असल्यास तीही द्यावी. पुढील वर्षाच्या खरेदीची यादी समितीपुढे जाण्यापूर्वी मला या चिठ्ठ्यांचा गोषवारा तयार करायचा आहे.