मेइजी जिंगू : जपानने देव न सोडता आधुनिकता आणली?

भटकभवानी
टोकियोत हाराजुकू स्टेशनला लागूनच मेइजी जिंगूचं, म्हणजे सम्राट मेइजीला देव मानून बांधलेल्या शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवळाचं रान आहे. आतल्या वाटेवर एका बाजूला साकेची (तांदळाच्या मद्याची) पिंपं रचलेली, समोर चक्क फ्रान्समधल्या बर्गंडीच्या वाइनची! सम्राट मेइजीला पाश्चात्त्य खाण्यापिण्याचं वावडं नव्हतं, म्हणून हा नजराणा. त्याच्याच काळात १८७२ला रेल्वे आली, १८८९ला राज्यघटना आली, आणि देव जागच्या जागी राहिले. आधुनिक व्हायला परंपरा मोडावी लागते असं म्हणणाऱ्यांनी एकदा इथे जाऊन यावं.

शंकासुर
साफ असहमत. जागच्या जागी कुठले? हे देऊळच १९२०चं. त्याआधी शतकानुशतकं शिंतो देव आणि बुद्ध एकाच आवारात नांदत होते. १८६८ला मेइजीच्या नव्या सरकारने फर्मान काढून त्यांची वाटणी केली. पाठोपाठ ठिकठिकाणी बुद्धमूर्ती फुटल्या. नारा शहरातल्या कोफुकुजी या बौद्ध मंदिरातले भिक्षू तर शेजारच्या कासुगा देवळाचे पुजारी होऊन बसले. तुम्ही जिला परंपरा म्हणताय ती सरकारी घडण आहे.

भटकभवानी
फर्मानाचं मान्य. पण ते रान बघा की. देशभरातून आलेली सुमारे लाखभर झाडं तिथे लावली. पंतप्रधान ओकुमांना निक्कोच्या देवळांसारखे उंच सुगी (जपानी देवदार) हवे होते. जर्मनीत शिकून आलेले वनशास्त्रज्ञ होंडा सेइरोकू म्हणाले, शहराच्या धुरात सुगी तगणार नाहीत. ओक, कापूर लावा, पुढे रान आपलं आपण वाढेल. आणि ओकुमांना ऐकावं लागलं! अजूनही वाटेवरचा पाचोळा झाडून परत झाडांखालीच टाकतात. देवळासाठी शास्त्र राबवलं, याला मी आधुनिकता म्हणते.

देवराईकर
रच्याकने, १९०६पासून याच सरकारने गावोगावची छोटी देवळं एकत्र करायला घेतली आणि त्यांच्या देवराया तुटल्या. मिनाकाता कुमागुसू हे निसर्ग अभ्यासक त्याविरुद्ध भांडले, १९१०मध्ये कोठडीतही गेले. राजधानीत रान लावायचं, खेड्यातलं तोडायचं!

भटकभवानी
ते वाईटच. पण १९४५च्या बॉम्बहल्ल्यात मुख्य देऊळ जळलं, त्याच डिसेंबरात सरकारी आश्रयही बंद झाला. तरी १९५८ला ते लोकांच्या देणग्यांतून पुन्हा उभं राहिलं. लादलेल्या देवाला कोण वर्गणी देतं?

शंकासुर
शाळेत सम्राटाच्या तसबिरीपुढे वाकून मोठी झालेली पिढी देते. १९५८ला ती चांगली कमावती होती.