डेथ व्हॅलीत उन्हाळ्यात तंबूच्या जागा बंद ठेवतात, मला हे पटत नाही

यवतेश्वरकर, सातारा
भाऊ लॉस एंजेलिसला असतो. जुलैत पोरांना घेऊन कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत, म्हणजे तिथल्या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानात, दोन रात्री तंबू टाकायचा त्याचा बेत होता. बघतो तर सनसेट, टेक्सास स्प्रिंग्ज, स्टोव्हपाइप वेल्स, तिथल्या या सगळ्या कॅम्पना कुलूप. आता थंडीच्या तोंडावर उघडणार.

गंमत अशी की पार्क बंद नाही. रस्ते चालू, बॅडवॉटरचं मिठाचं मैदान बघायला मोकळं, एसीवाली हॉटेलंसुद्धा चालू. बंद केलं काय, तर कमी पैशात मुक्काम होतो तेवढंच. ऊन तंबूवाल्याला वेगळं आणि हॉटेलवाल्याला वेगळं लागतं का? धोका आहे तर पाटी लावा, पारा किती चढतो ते सांगा, पुढचं माणूस बघून घेईल. आपल्याकडेही हीच खोड आहे. कुठं काही झालं की पहिला उपाय साखळी आणि बोर्ड.

मिरजेची सिस्टर
दादा, तुम्ही घाटमाथ्यावरच्या गार वाऱ्यात बसून लिहिताय, म्हणून विचारते. "ऊन वेगळं लागतं का" म्हणता, तर हो, वेगळंच लागतं. हॉटेलवाला दुपारभर खोलीत असतो, तंबूवाला कापडाखाली. डेथ व्हॅलीतल्याच फर्नेस क्रीकला 10 जुलै 1913 रोजी 56.7 अंश नोंदलेत. त्या नोंदीवर काही हवामानतज्ज्ञ शंका घेतात, ते सोडून देऊ. 2024 चा जुलै तर कालपरवाचा आहे. दिवसरात्र मिळून महिन्याची सरासरीच 42.5 अंश होती.

आणि हवा इतकी कोरडी की घाम आल्याचं कळतच नाही, अंगावरच उडून जातो. अंग ओलं होत नाही म्हणून माणूस पाणी पीत नाही. पोरं तर सांगतही नाहीत. गळून पडल्यावरच कळतं.

जतचा गडी
आमच्याकडं मे महिन्यात येऊन बघा मॅडम. पत्र्याखाली दुपार काढतो आम्ही. आमचं घर कोण बंद करतंय? अमेरिकेतला माणूस दोन दिवस गेला तर एवढा कालवा!

मिरजेची सिस्टर
जतला पत्रा तापतो हे मान्य. पण रात्री गच्चीवर पडलं की पहाटे चादर ओढावी लागते ना? शरीर सावरतं ते त्या गारव्यात. तिथं 2012 च्या जुलैत एका रात्री पारा 41 च्या खाली उतरलाच नाही. तंबूत झोपून करणार काय, घाम मोजणार?

खटावकर
यवतेश्वरकर, तुम्ही अर्धंच सांगितलंत. फर्नेस क्रीकचा कॅम्प बाराही महिने चालू असतो. थंडीत तिथं आधी बुकिंग करावं लागतं, उन्हाळ्यात जो आधी येईल त्याची जागा. काही जागांना विजेची जोडणीही आहे, म्हणजे मुक्कामाच्या गाडीतला एसी चालतो. तेव्हा "गरिबाला दार बंद" हे काही खरं नाही.

यवतेश्वरकर, सातारा
ते मुद्दामच मागं ठेवलं होतं, कारण माझा मुद्दा तिथंच आहे. फर्नेस क्रीक समुद्रसपाटीच्या साधारण 60 मीटर खाली आहे. स्टोव्हपाइप वेल्स, टेक्सास स्प्रिंग्ज त्याच्यापेक्षा वर, समुद्रसपाटीच्या आसपास. म्हणजे जिवाची काळजी म्हणून कुलूप लावलं म्हणता, आणि उघडा ठेवला तो सगळ्यात खोल! मग जिवाचं नाव कशाला पुढं करायचं? सरळ सांगा की माणसं येत नाहीत, खर्च परवडत नाही.

खटावकर
मग परवडत नाही म्हणून बंद केलं तर त्यात वाईट काय? हे पार्क 13 हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, आपल्या अख्ख्या सातारा जिल्ह्याहून मोठं. मोजकी माणसं चार ठिकाणी पांगली तर पन्नास अंशांत चार ठिकाणचे संडास कोण धुणार, कचरा कोण उचलणार, रात्री फेरी कोण मारणार? पाहुण्याला हौस असते, कामगाराला ड्यूटी. सगळे एका जागी असले तर निदान कोण आजारी पडलं ते दिसतं.

शिवाय मदतीचं गणित बघा. जुलै 2024 मध्ये तिथं मोटारसायकलवर फिरणारा एक जण उष्माघाताने गेला. त्या दिवशी 53 अंश होते. हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही, कारण तापलेली हवा विरळ होते आणि पंख्याला उचल मिळत नाही. माणूस पुढचं "बघून घेईल" म्हणता, पण पडल्यावर उचलायला दुसऱ्यालाच जावं लागतं.

बामणोलीकर
मी तंबू भाड्याने देतो, म्हणून धंद्याचं सांगतो. जूनमध्ये आम्ही आमचे तंबू आपणच गुंडाळतो. धरणाकाठचा वारा कापड फाडतो, गिऱ्हाईक येत नाही, पोरांना बसून पगार द्यावा लागतो. त्याला सरकारी आदेश लागत नाही.

पण कोयना-चांदोलीचं जंगल पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतं ते वेगळं. तिथं रस्ते खचतात, जनावरालाही निवांतपणा पाहिजे. त्याच्यात आणि ह्याच्यात गल्लत नको. आणि आमच्याकडं बंद म्हटलं की सरसकट बंद. "इथलं बंद, तिकडं वर जा" असं सांगणारा बोर्ड मला अजून दिसला नाही.

माणदेशी
बामणोलीकरांनी नेमकं बोट ठेवलं. आमचे मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पश्चिमेला उतरतात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. वाडा बंद पडत नाही, हलतो. डेथ व्हॅलीतही तेच आहे. खालचे कॅम्प उन्हाळ्यात बंद, तर डोंगरावरचे थॉर्नडाइक आणि महोगनी फ्लॅट हिवाळ्यात बर्फामुळे बंद. महोगनी फ्लॅट जवळजवळ 2500 मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईच्याही बऱ्याच वर. जुलैत रात्री तिथं पांघरूण लागेल. तुमच्या भावाला तिकडं पाठवा की.

यवतेश्वरकर, सातारा
पाठवला असता. शेवटचा रस्ता खडबडीत, उंच गाडीच पाहिजे, आणि वर प्यायचं पाणी नाही. त्याची साधी सेडान आहे, पोरं सहा आणि नऊ वर्षांची.

खटावकर
मग वाइल्डरोज. साडेबाराशे मीटर उंची, बारमाही चालू, पाणी आहे, साधी गाडी जाते. खालच्या मानाने बराच गारवा.

यवतेश्वरकर, सातारा
तिथं जागा 23, त्यातही आधी येईल त्याची. लॉस एंजेलिसहून चार-पाच तास गाडी हाकून गेल्यावर भरलेलं निघालं तर पोरांना घेऊन जायचं कुठं? खाली फर्नेस क्रीकला, साठ मीटर खोल? निदान त्या काळात वरच्या जागांचं तरी आधी बुकिंग घ्या. याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.