मालवणी ताटासमोर नाशिकचीच बाटली का?

चोखंदळ (धागाकर्ता):

मालवणी उपाहारगृहात बसून परदेशी वाइन मागवणे हा शुद्ध न्यूनगंड आहे. ज्या मातीतले अन्न त्याच मातीतली वाइन, तेव्हा नाशिकची एक बाटली मागवावी आणि मुकाट्याने जेवावे, असे 'अस्सल_देशी' यांनी मागच्या आठवड्यातील धाग्यात ठणकावले आणि त्याखाली सहमतीची रांग लागली. मला त्यावर जे म्हणायचे आहे ते प्रतिसादात मावणार नाही, म्हणून हा वेगळा धागा.

माती कोणती, हे आधी ठरवू. नाशिकच्या द्राक्षबागा घाटमाथ्याच्या पूर्वेला, समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर, तुलनेने कोरड्या हवेत उभ्या आहेत. कोकणात वर्षाला 2500 ते 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. तेथे द्राक्षवेल लावली तर ती पहिल्याच श्रावणात बुरशीने संपेल. तिसऱ्या, बांगडा, कोकम आणि तिरफळ यांपैकी नाशिकजवळच्या दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात काहीही निपजत नाही. तेव्हा ही 'एकच माती' फार तर राज्याच्या नकाशावर एक आहे. वेली तरी कुठे इथल्या आहेत? शेनिन ब्लाँ फ्रान्समधील लोआर खोऱ्यातली, शिराझ ऱ्होनकाठची, आणि झिनफांडेलचे मूळ तर क्रोएशियात सापडले. फ्रान्सच्या नाँत शहराच्या परिसरात मस्कादे ही पांढरी वाइन आणि कालवे एकत्र येतात किंवा फ्लॉरेन्सकडे जाडजूड भाजलेल्या मांसाबरोबर कियांती ही रेड वाइन प्यायली जाते, त्यामागे शेकडो वर्षे एकाच टेबलावर झालेला सहवास आहे. नाशिकमध्ये आजच्या वाइन उद्योगाची पायाभरणी करणाऱ्या वेली 1997 च्या सुमारास लागल्या. त्यांना तो न्याय लावणे म्हणजे कालच लग्न होऊन आलेल्या सुनेला घराण्याच्या चालीरीती विचारण्यासारखे आहे.

म्हणून मी पदार्थ पाहून बाटली निवडतो. तिसऱ्यांच्या सुक्क्यासमोर स्पेनच्या रियास बाइशास भागातली अल्बारिनो ही पांढरी वाइन घ्यावी, कारण ती आंबट आहे, हलकी खारट लागते आणि ओल्या खोबऱ्याला दाबत नाही. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ असते. ते जिभेला मुंग्या आणते, त्यात मिरची असते आणि वर कोकमाचा आंबटपणा. तेथे कडक ड्राय (साखर न उरलेली) वाइन पाण्यासारखी पातळ होते. वाइन पदार्थाहून कमी आंबट असली की ती मेलीच समजावी. अशा वेळी जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातली काबिनेट, म्हणजे हलक्या प्रकारची, रीस्लिंग ही पांढरी वाइन शोधावी, कारण तिच्यात 8-9 टक्केच अल्कोहोल, भरपूर आंबटपणा आणि थोडी उरलेली साखर असते. काळ्या वाटणाच्या मटणासमोर ऑस्ट्रेलियाच्या बरोसा खोऱ्यातली शिराझ चालेल. यात न्यूनगंड कुठे आहे, ते मला कोणीतरी दाखवावे.

अस्सल_देशी:

दाखवतो. आपण तीन पदार्थांसाठी तीन देश फिरून आलात आणि एकदाही मेन्यूकार्डाच्या उजव्या बाजूला पाहिले नाहीत. आयात वाइनवर भारतात 150 टक्के सीमाशुल्क आहे. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर 2022 मध्ये अमलात आल्यापासून तिथल्या ठरावीक किमतीवरच्या बाटल्यांना सवलत मिळते, पण आपल्या मोझेलला आणि स्पेनला त्या कराराचा काडीचा उपयोग नाही. त्यावर राज्याचे कर, त्यावर उपाहारगृहाचा नफा. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मेव्हण्याने हौसेने एक जर्मन बाटली मागवली होती; बिल आले तेव्हा त्या एका बाटलीची किंमत सहा माणसांच्या सुरमई, कोंबडीवडे आणि सोलकढीपेक्षा जास्त होती. मेव्हण्याची आंबोळी घशाखाली उतरेना. तिघाचौघांच्या टेबलावर तीन बाटल्या उघडणारे लोक कोण असतात, तेही सांगून टाका.

आणि जाणकारांच्या जिभेचे फार कौतुक नको. बोर्दोमध्ये 2001 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग मिसळून दिला, तर त्यांनी तिचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. तिथे ही गत असेल, तर तिरफळासमोर अल्बारिनोचा खारटपणा ओळखणाऱ्या दादरकरांना आपला साष्टांग नमस्कार.

चोखंदळ:

तो प्रयोग वासाचे वर्णन करणारे शब्द रंगाने कसे बदलतात, याचा होता. आंबटपणा, साखर आणि तुरटपणा जिभेला कळत नाहीत, असे त्यातून सिद्ध झालेले नाही. अर्धवट उदाहरणे चर्चेत फेकू नयेत. किमतीचा मुद्दा खरा आहे, परंतु तो आपल्या मूळ धाग्यात कुठेच नव्हता. तेथे आपण 'माती' आणि 'अस्मिता' यांच्याच गप्पा मारल्या होत्या.

तिखट_मीठ:

दोघांच्याही मधल्या मुद्द्याकडे कोणी पाहत नाही. मिरचीतले कॅप्सायसिन हे तिखट द्रव्य तोंडातल्या ज्या संवेदनाग्राहकांना (रिसेप्टरना) उष्णतेची जाणीव करून देते, त्याच संवेदनाग्राहकांना अल्कोहोलही अधिक संवेदनशील करते. म्हणजे 14-15 टक्क्यांची बरोसा शिराझ आणि काळे वाटण एकत्र आले की जेवणारा मटणाची चव घेत नाही, तो आग विझवत असतो. रेड वाइनमधले टॅनिन हे तुरट द्रव्य त्यात भर घालते. धागाकर्त्यांनी बांगड्यासाठी जो नियम सांगितला तोच मटणाला लावायचे का टाळले, हे कळले नाही. 'तिखट आहे ना, मग अल्सासची गेवुर्त्स्ट्रामिनर घ्या' असे छापील ज्ञान वाटणाऱ्यांनाही हेच सांगावेसे वाटते, कारण त्या पांढऱ्या वाइनमध्येही अल्कोहोल बऱ्यापैकी असते आणि आंबटपणा कमी.

जाता जाता, माशाबरोबर रेड का लागत नाही याचे कारण जपानी संशोधकांनी 2009 मध्ये दाखवले आहे. वाइनमधल्या लोहामुळे मागाहून ती हिवसाण चव येते. त्यामुळे कमी लोहाची रेड माशाबरोबर खपूनही जाते. पण लोहाचे प्रमाण लेबलवर कोणी छापत नाही.

पडद्यामागचा:

मी मुंबईत बरीच वर्षे उपाहारगृहांत वाढप आणि नंतर बारचे काम पाहिले आहे, म्हणून या विद्वत्तेत जरा मिठाचा खडा टाकतो. तुम्ही मोझेल म्हणा किंवा नाशिक म्हणा, पण ती बाटली तुमच्या टेबलावर येण्यापूर्वी कुठे होती हे कोणीच विचारत नाही. वाइन 12-14 अंशांत आडवी ठेवायची असते. मी जिथे काम केले तेथे ती शोभेसाठी भिंतीवरच्या उघड्या फळीवर उभी होती आणि फळीच्या मागच्या अंगाला फ्रीजरचा कॉम्प्रेसर होता. एप्रिल-मेमध्ये हात लावला तर काच कोमट लागायची. काही बाटल्यांचे बूच तोंडापासून थोडे वर आलेले असायचे आणि फॉइल काढले की खाली चिकट, वाळलेला ओघळ दिसायचा. अशी वाइन शिजलेली असते; तिच्या खोऱ्याचे आणि गावाचे नाव तेव्हा फक्त बिलावर उरते.

ग्लासवर मिळणाऱ्या वाइनबद्दल तर बोलायलाच नको. शनिवारी उघडलेली बाटली पुढच्या शुक्रवारपर्यंत पुरवायची, हा मालकाचा अलिखित नियम होता. रेड असेल तर तिला फ्रीज दाखवायचाही नाही, कारण 'रेड थंड देत नाहीत' असे सगळ्यांना पाठ. युरोपातल्या जुन्या घरांच्या खोल्यांतले 16-18 अंश आणि आपल्या मे महिन्यातले 34 अंश यांतला फरक आमच्या मालकाला शेवटपर्यंत पटला नाही.

अस्सल_देशी:

आता कसे बोललात! समुद्रावरून कंटेनरमध्ये, मग बंदरावर, मग गोदामात तापत आलेल्या बाटलीपेक्षा दिंडोरीहून आलेली बाटली ताजी असणार, हे तर शेंबडे पोरही सांगेल.

पडद्यामागचा:

माझ्या तोंडी नको ते घालू नका. त्या कॉम्प्रेसरपुढे उभ्या असलेल्या बाटल्या बहुतांशी नाशिकच्याच होत्या. मे महिन्यात टेम्पोतून आलेली पेटी आणि कंटेनरमधून आलेली पेटी यांत मला कधी फार मोठा फरक दिसला नाही.

चोखंदळ:

मूळ प्रश्न निवडीचा होता, साठवणुकीचा नव्हे. परंतु विषय निघालाच आहे तर विचारतो की कोमट रेड समोर आली तर बर्फाची बादली मागवावी की नाही? मी एकदा मागवली, तर वाढप्याने असे पाहिले की जणू मी वरणभातावर केचप मागितले आहे.

पडद्यामागचा:

अवश्य मागवा, मात्र बादलीत बर्फाबरोबर पाणीही घालायला सांगा, नुसत्या बर्फात बाटली नीट निवत नाही. रेडला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. ग्लासात बर्फाचे खडे टाकू नका, एवढेच.

तिखट_मीठ:

का टाकू नयेत? स्वस्त, गोडसर रोझे (गुलाबी वाइन) असेल, उन्हाळा असेल आणि पिणाऱ्याला आवडत असेल, तर तुम्ही कोण अडवणारे? या धाग्यावरचा प्रत्येक जण दुसऱ्याच्या ग्लासावर राज्य करायला निघाला आहे.

माइनकाठचा:

फ्रांकफुर्टजवळ राहतो, त्यामुळे रीस्लिंगबद्दल बोलण्याचा थोडा अधिकार घेतो. येथील सामान्य खाणावळीत कोणी पदार्थागणिक प्रदेश बदलत नाही. जवळच्या राइनगाऊची जी वाइन असेल ती लोक बटाट्याबरोबर पितात, डुकराच्या मांसाबरोबर पितात आणि तक्रार करत नाहीत. तेव्हा अस्सल_देशी यांची 'जवळचे ते घ्या' ही सवय अगदी अडाणीपणाची नाही. पण त्यात एक मेख आहे. येथे जवळची वाइन जवळच्या जेवणासाठी स्वस्त असते, म्हणून ती घेतली जाते. कोणी तिला राष्ट्रकर्तव्य मानत नाही. मी घरी बांगड्याचे तिखले करतो तेव्हा मात्र धागाकर्त्यांचे म्हणणे शब्दशः खरे ठरते, काबिनेट इतकी जुळते की बायको ग्लास मोजून ठेवते.

दिंडोरीकर:

बराच वेळ वाचत होतो. येथे नाशिकच्या नावाने लढणाऱ्यांपैकी किती जणांनी एप्रिलची खरड छाटणी (काढणीनंतर वेल खरडून छाटणे) पाहिली आहे?

आमच्याकडे 2006-07 च्या सुमारास वाइनद्राक्षांची लाट आली. एका कंपनीशी करार झाला, आम्ही दीड एकरावर शिराझ लावली. मग मंदी आली, मुंबईवरचा हल्ला झाला, हॉटेले ओस पडली, आणि कंपनीने माल उचलणे थांबवले. वाइनचा घड टेबलावर खायला चालत नाही, बी मोठे आणि साल जाड. तो माल बाजारात नेऊन विकताही येत नाही. शेवटी डॉगरिज जातीच्या त्याच खुंटांवर (मुळांसकटच्या बुंध्यांवर) थॉमसन या खायच्या द्राक्षाचे कलम केले. शेजारच्यांनी बागाच उपटल्या. आजही वाइनवरच्या 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के सरकार कारखानदाराला परत देते. त्यातले शेतापर्यंत किती पोहोचते, ते अस्मितावाल्यांनी येऊन पाहावे. नाशिकची बाटली उघडून शेतकऱ्यावर उपकार केल्यासारखे बोलू नका.

आता वाइनविषयी. आमची काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, तेव्हा रात्री थंड असल्या तरी दुपार चढत जाते आणि फळातला आंबटपणा झपाट्याने उतरतो. म्हणून हिरव्या (पांढऱ्या वाइनच्या) जातींची तोडणी लवकर आणि पहाटे करतात. त्यामुळे चांगला शेनिन मिळतो, आणि तो बऱ्याचदा थोडी साखर ठेवूनच बाटलीत भरतात. तिखट माशाबरोबर तो उत्तम लागतो, मी स्वतः खाऊन सांगतो. जड रेडबद्दल मात्र आमच्या लोकांनी फार छाती फुगवू नये.

अस्सल_देशी:

दिंडोरीकर, आपल्याबद्दल आदर आहे. माझे म्हणणे शेतकऱ्यावर उपकार करण्याचे कधीच नव्हते. परंतु शेनिन आणि तिखले जुळते, हे आपणच म्हणालात. म्हणजे माझी बाटली बरोबर निघाली.

चोखंदळ:

बाटली बरोबर निघाली, कारण चुकीचे! थोडी साखर, मध्यम अल्कोहोल आणि पुरेसा आंबटपणा, याच निकषांवर मी मोझेल निवडली होती. त्याच निकषांवर नाशिकचा शेनिन उतरत असेल, तर मी तो आनंदाने घेईन, आणि पैसे वाचतील तेही घेईन. उद्या त्याच बाटलीतून ड्राय, कडक शेनिन आली तर आपण मातीसाठी तीही तिखल्यासमोर ठेवाल, मी ठेवणार नाही. मटणाबाबत तिखट_मीठ यांचे म्हणणे मान्य करायला जीव होत नाही, पण बरोसाची 15 टक्क्यांची शिराझ काळ्या वाटणाला जड जाईल, एवढे लिहून ठेवतो.

सोलकढी_एके_सोलकढी:

कोकम आणि नारळाचे दूध समोर वाटीत असताना ही मंडळी कुठल्या खोऱ्यातून आंबटपणा आणायचा यावर भांडत आहेत. चालू द्या.

अस्सल_देशी:

सोलकढीवाले बरोबर आहेत, पण त्यांना कोणी विचारले नव्हते. चोखंदळ, कारण चुकीचे असेल तर असो, बिल तर माझेच कमी येणार. पडद्यामागचा, एक सांगा, ग्लासवर शेनिन मागवली तर ती कधी उघडलेली आहे हे कसे ओळखायचे? विचारले तर आताच उघडली असे प्रत्येक जण सांगतो.

पडद्यामागचा:

विचारू नका, बाटली टेबलावर आणून ओतायला सांगा. नीट चालणाऱ्या ठिकाणी उघडल्याची तारीख लेबलच्या कोपऱ्यावर पेनाने लिहिलेली असते. तारीख नसेल आणि बाटलीत तळाशी दोन बोटेच उरलेली असतील, तर बाटली परत पाठवा आणि नवीन उघडायला लावा. ते कुरकुरतील, पण उघडतील.