ग्रंथालयातला ‘केव्हाही या’ तास: काय विचारायला गेलात, काय घेऊन आलात?

विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठरलेल्या वारी काही तास एक टेबल मांडलेलं असतं. पाटी असते: ‘वेळ घ्यायची गरज नाही, थेट या.’ मागे ग्रंथपाल, पुढे दोन रिकाम्या खुर्च्या. कुठे याला ड्रॉप-इन म्हणतात, कुठे मदत-तास. मी अशाच एका टेबलामागे बसते. मुलं पाटी वाचतात, खुर्चीकडे बघतात आणि प्रिंटरकडे वळतात, हे रोजचं आहे.

ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक कॉन्स्टन्स मेलन यांनी १९८६ साली या संकोचावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या विद्यार्थ्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बाकी सगळ्यांना येतं, मलाच येत नाही, आणि विचारायला गेलो की ते उघडं पडणार. आज माझ्यासमोरून प्रिंटरकडे जाणाऱ्यांच्या चेहऱ्यावर तेच असतं.

तेव्हा त्या खुर्चीत (किंवा तिच्यासमोर) बसलेल्यांनी लिहा. जाताना प्रश्न काय होता आणि उठताना त्याचं काय झालं होतं? ‘छान मदत मिळाली’ एवढ्यावर भागवू नका. चिडला असाल तर तेही येऊ द्या. फक्त संस्थेचं किंवा कुणाचं नाव नको.

विद्यार्थी-सहायक, पदवीचं शेवटचं वर्ष

मी टेबलामागे बसतो. आमच्याकडे ग्रंथपालांच्या जोडीला एक सीनियर विद्यार्थी असतो, कारण पोरं आधी आम्हालाच हळूच विचारतात. नेहमीची तक्रार म्हणजे ‘संगणकावर उपलब्ध दाखवतंय, रॅकवर नाहीये.’ बहुतेक वेळा पुस्तक जागेवरच असतं. ड्यूई पद्धतीत (विषयानुसार पुस्तकांना क्रमांक द्यायची पद्धत) ३३०.१२ हा क्रमांक ३३०.९ च्या आधी लागतो. मुलं मात्र नवानंतर बारा असं मोजत पुढचा रॅक धुंडाळत राहतात. दशांशचिन्हानंतर एकेक अंक सुटा वाचायचा, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. १८७६ पासूनची पद्धत आहे आणि दरवर्षी नव्या बॅचला तितकीच छळते.

तरीही नाही मिळालं तर परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉली बघा, मग वाचनकक्षातली टेबलं, मग मोठ्या आकाराच्या पुस्तकांचा वेगळा रॅक. तिथेही नसेल तर काउंटरवर ‘जागेवर नाही’ अशी नोंद करा, नाहीतर पुढच्यालाही ते उपलब्धच दिसत राहणार. हे शेवटचं कुणी करत नाही!

एम.एस्सी. नर्सिंग

मी गेले ते तयार वाक्य घेऊनच: ‘मॅडम, माझ्या विषयावर काहीच संशोधन झालेलं नाही.’ विषय होता रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांची झोप. मॅडम हसल्या नाहीत, याचं मला अजून कौतुक आहे. म्हणाल्या, ‘काय टाइप केलंस ते जसंच्या तसं दाखव.’ मी प्रबंधाचं अख्खं शीर्षक चिकटवलं होतं, ‘एक अभ्यास’ या शेपटासकट.

त्यांनी कोरा कागद घेऊन तीन रकाने पाडले. परिचारिका, रात्रपाळी, झोप. ‘आता हीच गोष्ट दुसरा संशोधक कुठल्या शब्दांत लिहील, ते प्रत्येकाखाली लिही.’ झोपेखाली निद्रानाश, झोपेची गुणवत्ता, दिवसा येणारी पेंग अशी यादी वाढत गेली. एका रकान्यातले शब्द ‘ऑर’ने जोडायचे आणि कंसात टाकायचे, रकाने एकमेकांना ‘अँड’ने जोडायचे. दोन शब्द मिळून एकच कल्पना होत असेल तर त्यांना दुहेरी अवतरण. ‘अभ्यास’, ‘परिणाम’, ‘भूमिका’ असले शब्द सरळ काढून टाकायचे. शीर्षकाला ते शोभा देतात, शोधाला काही देत नाहीत.

मग * ची गंमत. ‘नर्स’च्या इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली चार अक्षरं घेऊन पुढे * लावला की नर्स, नर्सेस, नर्सिंग सगळं येतं. नर्सरीही येते. मॅडमनी मला आधी तो लावू दिला, बालवाडीवरचे लेख येऊ दिले आणि मग कारण सांगितलं. शिवाय पबमेड (वैद्यकीय लेखांचा डेटाबेस) आपल्या शब्दाला एरवी आपणहून मेशमधला शब्द जोडतं, ते * लावल्यावर थांबतं. मेश ही वैद्यकीय विषयांची ठरवून दिलेली शब्दसूची. लेखकाने काहीही शब्द वापरलेला असो, लेखावर शिक्का सूचीतल्याच शब्दाचा बसतो. रात्रपाळी शोधताना तिथे ‘शिफ्ट वर्क शेड्यूल’ निघाला. तो मला जन्मात सुचला नसता.

एक नेमका लेख हाती लागला की त्याच्या संदर्भसूचीतून मागचं संशोधन मिळतं आणि ‘साइटेड बाय’वर टिचकी मारली की पुढचं. ‘काहीच नाही’वरून मी ‘एवढं सगळं कधी वाचू’वर आले. त्यासाठी पुन्हा गेले, तेव्हा वर्ष, भाषा आणि संशोधनाचा प्रकार यांच्या चाळण्या लावायला शिकवल्या.

पीएच.डी. करणारा

मी जरा उलटं लिहिणार आहे. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका प्रश्नावरचं सगळं संशोधन ठरलेल्या पद्धतीने शोधून तपासणं, हे करणाऱ्याने या तासाला जाऊ नये. अशा रिव्ह्यूत काय काय नोंदवायचं याची प्रिस्मा नावाची यादी आहे, तिची २०२० ची सुधारित आवृत्ती सांगते की प्रत्येक डेटाबेसमध्ये नेमकं काय टाइप केलं आणि शेवटचा शोध कुठल्या तारखेला घेतला, हे सगळं नोंदवा. एका डेटाबेसची चिन्हं दुसऱ्यात चालत नाहीत, म्हणजे तीच शोध-ओळ दरवेळी नव्याने बांधायची. मागे दोघं ताटकळत उभे असताना हे काम होत नाही. सरांनी ते लवकर ओळखलं आणि विषय-ग्रंथपालांची तासाभराची वेळ मिळवून दिली, हे बरं केलं. पण मग पाटीवर ‘कोणताही प्रश्न’ असं लिहिता कशाला?

एखादी गाठ अडली असेल, म्हणजे डेटाबेसमधून उतरवलेली फाइल दुसरीकडे उघडत नाही, एकच लेख यादीत तीनदा दिसतोय, तर मात्र हे टेबल उत्तम. तेवढ्यासाठी मी अजून जातो.

*धागाकर्ती: पाटीचं मान्य. ‘गाठ लहान असेल तर इथे, मोठी असेल तर वेळ घेऊ’ असं लिहिता येईल.*

नोकरी सांभाळून एम.बी.ए.

मी ऑफिसमधून सुटेपर्यंत टेबल उठलेलं असतं. आमच्याकडे एका संध्याकाळी हेच ऑनलाइन असतं. लिंक उघडायची, नंबर येईपर्यंत थांबायचं. प्रकाशकाच्या पानावर एका लेखापुढे ‘विकत घ्या’ येत होतं आणि मी कार्ड काढून बसले होते. सरांनी स्क्रीन शेअर करायला लावली आणि तोच लेख ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून, विद्यापीठाच्या लॉगिनने उघडून दाखवला. वर्गणी विद्यापीठाने आधीच भरलेली होती! विद्यापीठाच्या आवारात असताना तिथल्या इंटरनेटचा पत्ता बघून प्रकाशक आपल्याला आत सोडतो. घरून तो पत्ता वेगळा पडतो, म्हणून लॉगिन किंवा प्रॉक्सीतून जावं लागतं.

गूगल स्कॉलरच्या सेटिंग्जमध्ये ‘लायब्ररी लिंक्स’ असतं, तिथे आपलं विद्यापीठ निवडा. मग ग्रंथालयाकडे असलेल्या लेखाशेजारी दुवा दिसतो. वर्गणी खरंच नसेल तर लेखकाने स्वतः खुली ठेवलेली प्रत शोधा (ब्राउझरमध्ये अनपेवॉल बसवलं की ते काम आपोआप होतं), नाहीतर ग्रंथालयामार्फत दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवा. लेखकाला ईमेल केला तर तोही बऱ्याचदा खुशीने पाठवतो. विकत घेणं सगळ्यात शेवटी.

संदर्भ विभागातला ग्रंथपाल

हल्ली एक नवीन विनंती येते: ‘सर, एवढा लेख मिळवून द्या.’ नोंद दिसायला झकास. लेखक खरा, नियतकालिक खरं, खंड, अंक, पानं सगळं जागच्या जागी. त्या अंकाच्या त्या पानावर गेलो की तिथे भलताच लेख. यादी चॅटबॉटने बनवलेली असते. विद्यार्थी ते सांगत नाही आणि मीही विचारत नाही. त्याच्याच समोर तपासायला घेतो. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक, १० या अंकांनी सुरू होतो, तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाकून बघ. नियतकालिकाच्या पानावर तो अंक उघड. शीर्षक अवतरणात टाकून शोध. दोन-तीन नोंदी अशा गळल्या की उरलेल्या तो स्वतःच तपासायला लागतो. त्याच्यावर ओरडून काय मिळणार? पुढच्या वेळी यादी घेऊन माझ्याकडे यायचा तो यायचा नाही, तशीच जोडून देईल.

पण धागाकर्तीने विचारलेला प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, जाताना काय आणि उठताना काय. ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये प्रश्नाच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या. आत नुसती हुरहुर असते ती पहिली, स्वतःला जाणवते ती दुसरी, नीट शब्दांत मांडता येते ती तिसरी, आणि ‘ग्रंथालयात काय मिळू शकेल’ याचा अंदाज बांधून आपण तोंडाने जे विचारतो ती चौथी. टेबलावर येते ती चौथीच. ‘मानसशास्त्राची पुस्तकं कुठे आहेत?’ मी रॅककडे बोट दाखवलं तर उत्तर बरोबर आणि मदत शून्य. ‘कशासाठी हवीत?’ विचारलं की कळतं, परीक्षेच्या ताणावर लिहायचंय. आणखी दोन मिनिटं बोलू दिलं की कळतं, पहिल्या वर्षाच्या मुलांच्या ताणावर. त्याला पुस्तकांचा रॅक नकोच होता, अलीकडचे चार लेख हवे होते. हे उलट्या पावलांनी चालणं म्हणजेच आमचं काम. डेटाबेस त्यानंतर येतो.

विधी शाखा, दुसरं वर्ष

मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वाचतो. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये पानाचा नुसता फोटो असतो, अक्षरं नसतात, त्यामुळे माझ्या सॉफ्टवेअरला ते पान कोरंच. टेबलावरच्या मॅडम माझ्यासोबत आलेल्या मित्राशी न बोलता थेट माझ्याशी बोलल्या. ‘तुम्ही कोणतं सॉफ्टवेअर वापरता? कसं वाचतं, ऐकवाल का?’ ऐकल्यावर त्यांना अडचण लगेच कळली. ओसीआर करून, म्हणजे फोटोतली अक्षरं मजकुरात बदलून दिलं, वर तळटीपा वाक्याच्या मधेच घुसत होत्या, त्या वेगळ्या काढून दिल्या. कायद्याच्या लेखात निम्मा युक्तिवाद तळटीपेतच असतो.

मराकेश कराराबद्दलही तिथेच कळलं. २०१३ चा करार, २०१६ पासून लागू. जे देश त्यात आहेत तिथे अशी वाचता येण्याजोगी प्रत करायला किंवा दुसऱ्या सदस्य देशातून मागवायला प्रत्येक वेळी प्रकाशकाच्या दारात जावं लागत नाही, अर्थात त्या त्या देशाच्या कायद्याच्या चौकटीत.

तक्रार एकच. वर सगळे पाटीबद्दल बोलताहेत. मला पाटी दिसत नाही, आणि ईमेलने येतं ते पोस्टर, म्हणजे पुन्हा फोटो. दिवस आणि वेळ साध्या मजकुरात लिहून पाठवा. चार ओळी टाइप करायला कितीसा वेळ लागतो?

पदवी, पहिलं वर्ष

मी काही विचारलंच नाही. शेजारच्या खुर्चीत वही उघडून बसले आणि दुसऱ्यांचे प्रश्न ऐकले. पुस्तकाची मुदत घरबसल्या वाढवता येते, दुसऱ्याने नेलेल्या पुस्तकावर आपलं नाव लावून ठेवता येतं, हे असंच कानावर पडलं. असं बसलेलं चालतं का?

*धागाकर्ती: चालतं. खुर्ची त्यासाठीच दुसरी ठेवतो.*

सार्वजनिक आरोग्य, पदव्युत्तर

मी झोटेरोसाठी गेलो होतो. मोफत आहे, संदर्भ जमवतं, यादी हव्या त्या शैलीत करून देतं, हे माहीत होतं. अडचण वेगळीच होती. माझ्या यादीत जागतिक आरोग्य संघटनेचं आडनाव ‘ऑर्गनायझेशन’ झालं होतं आणि पुढे आद्याक्षरं आली होती. संस्थेचं नाव दोन रकान्यांत न भरता एकाच रकान्यात भरायचं, नावाशेजारच्या बटणाने ते बदलतं. एका मिनिटाचं काम.

उठता उठता मॅडमनी एका नोंदीवरच्या लाल पट्टीकडे बोट दाखवलं. तो लेख नियतकालिकाने मागे घेतलेला होता. झोटेरो अशा लेखांवर स्वतःच खूण करतं, मी ती जाहिरात समजून सोडून दिली होती. लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा १९९८ चा लेख लॅन्सेटने २०१० मध्ये मागे घेतला, तरी लोक त्याचा हवाला देतच राहिले. लेख मागे घेतल्याने आपल्या संगणकातली जुनी पीडीएफ काही बदलत नाही.

प्राध्यापिका

मी वर्गात ‘ग्रंथालयात जा’ म्हणून थकले. मग ग्रंथपालांनाच विनंती केली की सबमिशनच्या आधीच्या आठवड्यात टेबल आमच्या विभागाच्या मजल्यावर मांडा. असाइनमेंटचा कागद त्यांना आधीच देऊन ठेवला. मुलं आली. संध्याकाळी ग्रंथपाल माझ्या केबिनमध्ये आले आणि म्हणाले, ‘मॅडम, डेटाबेसचं फारसं कुणी विचारलंच नाही. तिसऱ्या प्रश्नात चिकित्सा म्हणजे नेमकं काय करायचं, हेच सगळे विचारत होते. लेखाचा सारांश द्यायचा की लेखातल्या उणिवा दाखवायच्या?’

मी कागद पुन्हा वाचला. माझ्या शब्दांतून दोन्ही अर्थ निघत होते. प्रश्न नव्याने लिहिला, खाली अपेक्षा तीन ओळींत दिली आणि मुदत पुढे ढकलली. पुढच्या तासाला त्याच टेबलावर मुलं संदर्भ कुठे शोधायचे ते विचारायला लागली.