शब्दचर्चा : काळा कॉपर ऑक्साइड ‘प्रतिचुंबकीय’ की ‘प्रतिलोहचुंबकीय’?

चिकोडी : ईएसआरच्या (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स : चुंबकीय क्षेत्रात बिनजोडीचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मतरंग शोषतात ते रेघेच्या रूपात टिपायची पद्धत) एका मराठी टिपणात वाक्य आहे, ‘काळा कॉपर ऑक्साइड प्रतिचुंबकीय असल्यामुळे सिग्नल देत नाही.’ शब्द बरोबर आहे का? शिवाय रेझोनन्सला अनुनाद म्हणावं की अनुस्पंदन?

खानापूर : सिग्नल येत नाही हे खरं, कारण चुकलंय. प्रतिचुंबकीय म्हणजे ज्यात बिनजोडीचा इलेक्ट्रॉनच नाही. तो लाल ऑक्साइड, क्युप्रस. तिथं तांब्याचं ‘३डी’ नावाचं इलेक्ट्रॉन-कवच दहा इलेक्ट्रॉनांनी भरलेलं. काळ्यात, म्हणजे क्युप्रिकमध्ये, नऊच, म्हणून दर तांब्यामागं एक बिनजोडीचा. पण शेजारशेजारचे दोन तांबे मधल्या ऑक्सिजनमार्फत एकमेकांची तोंडं उलटी करून धरतात. हे प्रतिलोहचुंबकत्व. लाल ऑक्साइडात घंटाच नाही, काळ्यात घंटा आहे पण लोलक बांधलाय.

अथणी : सर, तेही अर्धंच झालं की. काळ्या ऑक्साइडचं नील तापमान (ज्याच्या वर ही उलटसुलट मांडणी मोडते) साधारण २३० केल्व्हिन, म्हणजे उणे ४३ अंश. आपल्याकडं मे महिन्यात काय, डिसेंबरातही खोलीतला नमुना त्याच्या वरच असतो. मग तो समचुंबकीय (बिनजोडीचे इलेक्ट्रॉन मोकळे असलेला) होऊन बोलायला हवा!

खानापूर : मुद्दा पक्का आहे. २१३ आणि २३० अशी दोन संक्रमणं आहेत, पण त्यांच्या वर गेलं तरी शेजाऱ्यांची पकड सुटत नाही. सुट्या समचुंबकीय पदार्थाची चुंबकग्राहिता (चुंबकीय क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद) तापवल्यावर उतरते. याची ५०० केल्व्हिनच्या पुढंपर्यंत चढत राहते. सिग्नलची रेघ इतकी रुंद होते की पायारेषेत विरून जाते. म्हणून खोलीच्या तापमानाला ‘प्रतिलोहचुंबकीय पकडीमुळे रेघ दिसत नाही’ असं लिहावं.

निपाणी : आणि काळ्या पुडीनं सिग्नल दिलाच तर आधी संशय भेसळीवर घ्या. नायट्रेटपासून बनवलेल्या पुडीत न जळलेलं नायट्रेट राहू शकतं. द्राक्षबागेत बोर्डोसाठी चुन्यात घालतात तो मोरचूद (कन्नडमध्ये मैलुतुत्त) जरासा मिसळला तरी रेघ उठते, कारण त्यातला तांबा बराच मोकळा. नॅनो पुडीत मात्र पृष्ठभागावरचे जोडीदार नसलेले स्पिनही (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचं अंगभूत चुंबकत्व) बोलतात. ती भेसळ नव्हे.

९.५ गिगाहर्ट्झला डीपीपीएच या खुणेसाठी वापरायच्या पदार्थाची रेघ (जी-मूल्य, म्हणजे रेघेची जागा सांगणारा आकडा, २.००३६) ३३९ मिलिटेस्लाजवळ येते. तांब्याची रेघ त्याच्या डावीकडं, कमी क्षेत्राला : जी २.०५ असेल तर ३३१, २.२५ असेल तर ३०२. १५८ च्या आसपास, जी ४.३ ला, एकटीच रेघ दिसली तर ती तांब्याची नव्हे, साध्या काचनळीतल्या लोखंडाची. क्वार्ट्झची नळी घ्या, स्टीलच्या चमच्यानं खरवडू नका, अकीकाच्या खलात घोटा. ओल राहिली तर पाणी सूक्ष्मतरंग खातं आणि पोकळी (नमुना ठेवायची धातूची डबी) नीट जुळत नाही.

चिकोडी : तांब्याच्या चार रेघा पुस्तकात दिसतात, मोरचुदात का नाहीत?

निपाणी : तांब्याच्या केंद्रकाचा स्पिन ३/२, म्हणून चार. पण मोरचुदात तांबे इतके जवळ की चारी एकात मिसळतात. चुंबकत्व नसलेल्या जस्ताच्या क्षारात शेकडा एखादा तांबा पेरला तर त्या सुट्या होतात. मॉड्युलेशन (चुंबकीय क्षेत्राला दिलेली बारीक थरथर) वाढवून सिग्नल मोठा करायला गेलात तर पुन्हा चिकटतील.

अथणी : हीच गोष्ट इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडची. सुमारे ९२ केल्व्हिनला अतिवाहक (विजेला रोध न करणारी) होणारी काळी पुडी ईएसआरमध्ये गप्प. रेघ दिसते ती बहुधा त्यात उरलेल्या हिरव्या पुडीची, म्हणजे त्याच मूलद्रव्यांच्या दुसऱ्या संयुगाची. तिला ‘अतिवाहकाचा सिग्नल’ म्हणणं ही शब्दाचीच चूक.

खानापूर : आता दुसरा प्रश्न. अनुनाद म्हटलं की कानाला नाद लागतो, आणि इथं आवाज कसलाच नाही. १९४४ मध्ये कझानला झावोइस्कीनं हे पहिल्यांदा टिपलं ते शोषण होतं. म्हणून अनुस्पंदन. स्पिनला ‘गिरकी’ बोलताना चालेल, गिरकी मराठीतही आहे नि कन्नडमध्येही. पण इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा खरंच फिरतो असं मुलं धरून बसतात. लिहिताना मी ‘स्पिन’च ठेवीन.

चिकोडी : मग टिपणात बदल असा : ‘लाल ऑक्साइड प्रतिचुंबकीय, म्हणून सिग्नल नाही, काळ्यात प्रतिलोहचुंबकीय पकड, म्हणून रेघ विरते.’ ‘लोह’ शब्दावरून मुलं लोखंड शोधतील, तिथं तोंडानं सांगावं लागेल.