योरुबा देवींवरची, बाईच्या बाजूने लिहिलेली कादंबरी सुचवा

नदीकाठ:
नायजेरियातल्या योरुबा लोकांची ओशुन या नदीदेवीची कथा नुकतीच वाचली. सर्वोच्च देव ओलोदुमारेने पृथ्वी नांदती करायला सतरा देव धाडले, त्यात ही एकटी बाई. सोळा जणांनी तिला कशातच विचारलं नाही. मग पाऊस पडेना, पीक येईना. तक्रार घेऊन वर गेले, तर ओलोदुमारेने आधी तिची समजूत काढायला परत पाठवलं! तेव्हापासून अशा देवी मध्यभागी असलेली, बाईने लिहिलेली कादंबरी शोधतेय. सोळा वर्षांच्या लेकीबरोबर वाचायची आहे. इंग्रजी चालेल.

शब्दवेडी:
नताशा बोवेन यांची 'स्किन ऑफ द सी' (२०२१) घ्या. काळ पंधराव्या शतकातला. येमोजा ही मुळात ओगुन नदीची देवी, पण इथे ती समुद्रात आहे, कारण गुलामांची जहाजं तिथून जातात. तिने घडवलेली सिमी ही जलकन्या. समुद्रात मेलेल्यांचे आत्मे गोळा करून त्यांना घरी पाठवायचं, एवढंच तिचं काम. जिवंत माणसाला वाचवायची मनाई. आणि ती नेमकी एका मुलाला वाचवते. पुढचं सांगत नाही. ती आत्म्यांची निरोपाची प्रार्थना म्हणते ते वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. मधला प्रेमाचा भाग मला थोडा लांबलेला वाटला. जहाजांवरचे प्रसंग जड आहेत, ते तुम्ही आधी वाचा. पुढचा भागही आलाय, 'सोल ऑफ द डीप' (२०२२).

सायली_वाचते:
'फ्रेशवॉटर' पण बघा, त्यातही आत्मे आहेत.

रानवाट:
सायली, ते पुस्तक ताकदीचं आहे, पण त्यातली श्रद्धा इग्बो लोकांची, योरुबांची नव्हे.
नदीकाठताई, तुमच्या एकटीसाठी अयोबामी अदेबायो यांची 'स्टे विथ मी' (२०१७). देव प्रत्यक्ष येत नाहीत, पण अबिकू येतं: पुन्हा पुन्हा जन्म घेऊन मरणारं, आईला छळणारं मूल. बेन ओक्री यांच्या बुकर मिळालेल्या कादंबरीत (१९९१) असं मूलच गोष्ट सांगतं. इथे येजिदे सांगते, म्हणजे जिची बाळं जातात ती आई. तिच्या एका लेकीचं नाव रोतिमी, अर्थ 'माझ्याजवळ राहा'. माझ्या मते बाईची बाजू याहून थेट कुठे मिळणार नाही. काही प्रकरणं नवऱ्याच्या तोंडीही आहेत.

शब्दवेडी:
रानवाट, अगदी! पण लेकीला आत्ताच नको.

नदीकाठ:
दोघींचे मनापासून आभार. लेकीसाठी सिमी, माझ्यासाठी येजिदे. दोन्ही मागवते. नावांचे उच्चार कसे करायचे?

रानवाट:
योरुबात 'एस'खाली टिंब असेल तर 'श'. इंग्रजी छपाईत ते टिंब बरेचदा गळतं, म्हणून ओशुनची 'ओसुन' आणि एशू या देवाचा 'एसू' होतो.

नदीकाठ:
लेक कालपासून 'ओसुन'च म्हणतेय. आज जेवताना सांगते.